सोपविलेली प्रार्थना : उत्तर आफ्रिकेतील आद्य मंडळीचा एक धडा

लूककृत शुभवर्तमानाच्या अकराव्या अध्यायाच्या आरंभी एक लहानसा प्रसंग आहे. प्रभू येशू एके ठिकाणी प्रार्थना करीत होता. त्याची प्रार्थना संपताच शिष्यांपैकी एकाने त्याला विनंती केली की, योहानाने आपल्या शिष्यांस शिकविले त्याप्रमाणे आम्हांसही प्रार्थना करावयास शिकवावे. ही विनंती करणारा मनुष्य कोण होता हे लूक सांगत नाही. परंतु तो यहूदी होता यात शंका नाही. देव एकच आहे हे घोषित करणारे नियमशास्त्रातील वचन सकाळ-संध्याकाळ म्हणावे, स्तोत्रे मुखोद्गत करावीत, भोजनापूर्वी देवाचा धन्यवाद करावा, हे संस्कार ज्या समाजात लहानपणीच होत, त्या समाजातील हा मनुष्य. प्रार्थना त्याला परकी नव्हती. तरीही "आम्हांला शिकीव" असे म्हणण्यात त्याला संकोच वाटला नाही आणि प्रभूनेही त्याला, हे शिकविण्याचे काम नव्हे, असे सांगून परत पाठविले नाही. त्याने त्याला शब्द दिले.

या प्रसंगाचा विचार आपण फारसा करीत नाही. आपल्या मंडळ्यांत प्रार्थनासभा भरते तेव्हा दोन प्रकारचे लोक दिसतात. काहींच्या मुखातून प्रार्थनेचा ओघ सहज वाहू लागतो. काहींना मात्र पाळकांनी नाव घेऊन विनंती केली तरी ते मान आणखी खाली घालतात आणि पुढे हळूच म्हणतात, "मला प्रार्थना करता येत नाही." पहिल्यांना पाठ केलेली प्रार्थना ही पोपटपंची वाटते, दुसऱ्यांना पाठ येते तेवढी प्रार्थना ही खरी प्रार्थना नव्हेच असे वाटते. वरवर पाहता हे दोघे एकमेकांच्या विरुद्ध टोकांस उभे आहेत. परंतु दोघांची समजूत एकच आहे : खरी प्रार्थना आपोआप उमटते, ती कोणी कोणाला शिकवू शकत नाही. आद्य मंडळीची समजूत अशी होती काय, हे पाहण्यासाठी उत्तर आफ्रिकेच्या लॅटिन भाषिक मंडळीचा इतिहास फार उपयोगी पडतो. आजच्या ट्युनिशिया व अल्जीरिया या देशांच्या किनाऱ्यावर वसलेल्या या मंडळीने सुमारे सव्वादोनशे वर्षे हा प्रश्न जाणीवपूर्वक हाताळला.

१. दिवसातून तीन वेळा

आफ्रिकेकडे वळण्यापूर्वी त्याहून जुन्या एका ग्रंथाचा उल्लेख केला पाहिजे. इ. स. १८७३ मध्ये फिलोथिऑस ब्रायेनिऑस या ग्रीक विद्वानास कॉन्स्टँटिनोपल येथील एका ग्रंथालयात १०५६ साली लिहिलेले एक हस्तलिखित सापडले. त्यात 'डिडाखे', म्हणजे 'शिकवण', या नावाचे एक छोटे पुस्तक होते. ते १८८३ मध्ये प्रसिद्ध झाले. पहिल्या शतकाच्या अखेरीस किंवा दुसऱ्याच्या आरंभी रचलेल्या या पुस्तकात प्रभूची प्रार्थना संपूर्ण दिली असून ती दिवसातून तीन वेळा म्हणावी असा सरळ नियम सांगितला आहे. बाबेलात असताना दानीएल दिवसातून तीन वेळा गुडघे टेकीत असे, हे आपणांस ठाऊकच आहे. ही जुनी वहिवाट मंडळीने मोडली नाही. तिच्यात प्रभूचे शब्द ठेवले.

याच पुस्तकातील आणखी एक सूचना लक्षात घेण्याजोगी आहे. प्रभुभोजनाच्या वेळी म्हणावयाच्या उपकारस्तुतीचे शब्द दिल्यानंतर लेखक सांगतो की, संदेष्ट्यांना मात्र त्यांच्या इच्छेप्रमाणे उपकारस्तुती करू द्यावी. म्हणजे ठरीव शब्द आणि मुक्त शब्द यांचे वैर त्या पिढीला ठाऊक नव्हते. ठरीव शब्द सर्वांसाठी होते. मुक्त शब्द ज्याला ते दान लाभले होते त्याच्यासाठी.

इ. स. २०० च्या सुमारास कार्थेज येथे टर्टुलियनने प्रार्थनेवर एक लहान ग्रंथ लिहिला. प्रभूच्या प्रार्थनेत साऱ्या शुभवर्तमानाचे सार साठविले आहे, असे त्याचे म्हणणे. पण या उंच विचाराबरोबरच तो अगदी बारीकसारीक गोष्टींतही शिरतो. प्रार्थनेपूर्वी अंगरखा काढून ठेवावा काय? हात धुतलेच पाहिजेत काय? प्रार्थना संपताच खाली बसावे काय? आवाज किती चढवावा? यांतील पुष्कळशा चालीरीती त्याला व्यर्थ वाटतात. परंतु प्रश्नांची ही यादीच सांगते की, लोक प्रार्थना शिकत होते, एकमेकांकडे पाहत होते आणि चुकतही होते. ग्रंथाच्या शेवटी टर्टुलियनची नजर पक्ष्यांकडे जाते. सकाळी घरट्यातून उठून आकाशाकडे झेपावणारा पक्षी हातांच्या जागी पंख पसरून क्रूसाची आकृती करतो आणि प्रार्थनेसारखे काही बोलतो, अशी त्याची कल्पना आहे. हात पसरून प्रार्थना करणाऱ्या त्या मंडळीला हे चित्र परिचयाचे वाटले असले पाहिजे.

त्यानंतर अर्ध्या शतकाने त्याच नगराचा बिशप सिप्रियन याने याच विषयावर लिहिले. इ. स. २५० मध्ये डेशियस बादशहाने सुरू केलेल्या छळात अनेकांनी देवतांना धूप जाळून आपला जीव वाचविला होता. छळ ओसरल्यावर अशांचे काय करावे यावरून मंडळीत तट पडले. अशा वेळी सिप्रियनने प्रार्थनेतील एका लहान शब्दावर बोट ठेवले : 'आमचा'. प्रभूने 'माझ्या पित्या' असे म्हणावयास शिकविले नाही. 'माझी भाकर मला दे' असेही शिकविले नाही. ख्रिस्ती मनुष्य एकटा प्रार्थना करीत असला तरी तो साऱ्या लोकांसाठी प्रार्थना करतो, कारण ते सारे मिळून एक आहेत. दुभंगलेल्या मंडळीला बिशपाने दिलेले हे औषध होते. २५८ मध्ये तो हुतात्मा झाला.

२. देणे आणि परत देणे

हिप्पो या बंदराच्या गावी ऑगस्टीन इ. स. ३९६ च्या सुमारापासून ४३० पर्यंत बिशप होता. तोवर छळाचे दिवस संपले होते आणि लोक मोठ्या संख्येने मंडळीत येत होते. ज्यांना पुनरुत्थानाच्या सणाच्या रात्री बाप्तिस्मा घ्यावयाचा असे, ते त्यापूर्वीच्या उपवासकाळाच्या आरंभी आपली नावे देत. या दीक्षार्थ्यांना प्रथम मतांगीकार शब्दशः ऐकविला जाई. तो लिहून घ्यावयाचा नसे. अंतःकरणावर कोरावयाचा असे. काही दिवसांनी तो त्यांनी तोंडपाठ म्हणून दाखवावयाचा. त्यानंतर प्रभूची प्रार्थना त्यांच्या स्वाधीन केली जाई आणि आठ दिवसांनी तीही त्यांनी परत म्हणून दाखवावयाची असे. लॅटिन भाषेत या दोन क्रियांस 'सोपविणे' व 'परत देणे' अशा अर्थाची नावे होती.

या प्रसंगी ऑगस्टीनने केलेले चार उपदेश आज उपलब्ध आहेत. आधी मतांगीकार आणि मग प्रार्थना, हा क्रम का, हे तो रोमकरांस पत्राच्या दहाव्या अध्यायावरून समजावतो : ज्याच्यावर विश्वास ठेवला नाही त्याचा धावा मनुष्य कसा करील? म्हणून प्रथम कोणावर विश्वास ठेवावयाचा ते शिका, आणि मग कोणाला हाक मारावयाची ते शिका. बाप्तिस्म्यापूर्वी ही प्रार्थना लोकांना सर्रास शिकविली जात नसे, यामागेही कारण होते. देवाला 'पिता' म्हणण्याचा अधिकार पुत्रांचा. आणि पुत्र होणे म्हणजे बाप्तिस्म्यात नवा जन्म पावणे. जन्म जवळ आला होता, म्हणून त्यापूर्वी थोडे दिवस हाक शिकविली जात होती.

हे श्रोते कोण होते? काही सुशिक्षित असतील. परंतु पुष्कळांना अक्षरओळख नव्हती, आणि हिप्पोच्या आसपासच्या खेड्यांत लॅटिनऐवजी प्यूनिक भाषा बोलली जात असे. अशांना ऑगस्टीन धीर देतो. पाठ न झाल्यास भिऊ नका. ही प्रार्थना वेदीजवळ रोज म्हटली जाते, ती ऐकता ऐकता तुमच्या मनात ठसेल. नव्याने येणाऱ्यांस कसे शिकवावे यावर त्याने कार्थेजच्या देओग्रातियास नावाच्या डीकनासाठी एक पुस्तिका लिहिली होती. तीत व्याकरण व वक्तृत्व यांच्या शाळांतून आलेल्या विद्वानांसाठी एक खास सूचना आहे. एखादा बिशप किंवा सेवक प्रार्थना करताना व्याकरणाच्या चुका करील, आपण उच्चारतो त्या शब्दांचा अर्थही त्याला नीट कळत नसेल. तरी त्याला हसू नये, कारण देवाच्या कानी पोहोचतो तो अंतःकरणाचा आवाज. स्वतः ऑगस्टीन मिलान येथे वक्तृत्वाचा अध्यापक होता आणि त्याच नगरात ३८७ मध्ये बिशप अँब्रोझकडून त्याने बाप्तिस्मा घेतला होता. भाषाशुद्धीचा अभिमान काय असतो, हे त्याला सांगावे लागत नव्हते.

या उपदेशांत 'आमचा' या शब्दाचे विवेचनही येते, आणि येथे सिप्रियनचा धागा पुढे जातो. या पित्यापुढे धनी आणि दास भाऊ आहेत, बादशहा आणि शिपाई भाऊ आहेत, श्रीमंत आणि गरीब भाऊ आहेत. रोजची भाकर मागताना श्रीमंतही देवाच्या दारचा याचक असतो. दास्याची प्रथा चालू असलेल्या समाजात, एकाच रांगेत उभ्या असलेल्या धन्याला व दासाला हे शब्द एकाच वेळी पाठ करावयास लावणे ही लहान गोष्ट नव्हती. त्यायोगे दास्य संपले नाही, हेही इतिहासाने नमूद केलेच पाहिजे. परंतु ज्याने तो शब्द उच्चारला त्याला तो पुढे आठवण करून देत राहतो.

३. मग शब्द तरी कशासाठी?

इ. स. ४१० मध्ये अलारिकच्या गॉथ सैन्याने रोम लुटले. पळून आफ्रिकेत आलेल्या रोमन कुटुंबांत अनिकिया फाल्तोनिया प्रोबा ही अतिशय धनाढ्य विधवा होती. तिची सून यूलियाना व नात देमेत्रियास तिच्याबरोबर होत्या. प्रार्थना कशी करावी हे तिने ऑगस्टीनला विचारले, आणि सुमारे ४१२ मध्ये त्याने तिला जे दीर्घ पत्र लिहिले ते ख्रिस्ती प्रार्थनेच्या इतिहासात महत्त्वाचे ठरले आहे.

आपण यथायोग्य प्रार्थना कशासाठी करावी हे आपल्याला ठाऊक नाही, या पौलाच्या वचनाने प्रोबा अस्वस्थ झाली होती. तिला उत्तर देताना ऑगस्टीन प्रथम तिच्या संपत्तीला हात घालतो. सर्व काही असले तरी या जगात तू स्वतःला निराधार समज, कारण निराधारालाच प्रार्थना सुचते. मग तो सांगतो की, मागावयाचे ते एकच : धन्य जीवन, म्हणजे देव स्वतः. येथे शंका उद्भवते. आपल्याला काय हवे हे देव जाणतोच, तर त्याला सांगावयाचे कशाला? ऑगस्टीनचे उत्तर असे की, शब्द देवाला माहिती देण्यासाठी नाहीत. ते आपली इच्छा वाढविण्यासाठी आहेत. देव जे देऊ इच्छितो ते फार मोठे आहे आणि आपले पात्र लहान आहे. मागता मागता ते रुंदावते. संसाराच्या काळजीने इच्छा कोमट होते, म्हणून ठरावीक वेळी शब्दांच्या आधाराने मनाला पुन्हा त्या कामाकडे वळवावे. मिसर देशातील बंधू वारंवार, पण बाणासारख्या आखूड प्रार्थना करतात, असेही तो तिला कळवितो. पुष्कळ बोलणे वेगळे आणि पुष्कळ प्रार्थना करणे वेगळे.

पत्राच्या पुढील भागात त्याने एक सुंदर गोष्ट केली आहे. जुन्या करारातील निरनिराळ्या प्रार्थना घेऊन त्या प्रभूच्या प्रार्थनेतील कोणत्या ना कोणत्या विनंतीत कशा सामावतात हे त्याने दाखविले आहे. दारिद्र्यही नको आणि संपत्तीही नको, ही नीतिसूत्रांतील विनंती म्हणजे रोजच्या भाकरीचीच विनंती. आपण वेगळे शब्द वापरण्यास मोकळे आहोत. परंतु त्या प्रार्थनेच्या बाहेरचे काही मागण्यास मोकळे नाही. आपण वर उल्लेखिलेल्या वादाचे उत्तर येथे मिळते. पाठ केलेली प्रार्थना ही मुक्त प्रार्थनेची शत्रू नव्हे, तिची कसोटी आहे.

४. बांधून घेणारी विनंती

या प्रार्थनेतील सर्वांत अवघड विनंती क्षमेची. इ. स. ४२० नंतरच्या दशकात दक्षिण गॉलमध्ये लिहिताना योहान कासियानने एक मार्मिक निरीक्षण नोंदविले आहे. मंडळीत सर्व लोक ही प्रार्थना म्हणत असता, आपण इतरांना क्षमा करतो या शब्दांपाशी काही जण गप्प राहतात. आपल्याच तोंडाने आपण बांधले जाऊ, अशी त्यांना भीती वाटते. या गप्प राहणाऱ्यांना आपण हसू नये. नुसत्या पोपटपंचीला एवढी भीती वाटत नाही. त्यांना शब्दांचा अर्थ पुरता कळला होता.

याच विनंतीवरून एक मोठा सैद्धांतिक वादही निकालात निघाला. प्रोबाची नात देमेत्रियास हिने ४१३ मध्ये कौमार्यव्रत घेतले तेव्हा पेलागियसने तिला एक दीर्घ पत्र लिहून मानवी स्वभावाच्या सामर्थ्यावर भर दिला. एकाच घरात अशा प्रकारे दोन शिकवणी पोहोचल्या. पुढे १ मे ४१८ रोजी कार्थेज येथे भरलेल्या धर्मसभेने पेलागियसच्या मताविरुद्ध जे नियम केले, त्यांत असे ठरविले की, पवित्र जनदेखील क्षमेची ही विनंती केवळ नम्रतेखातर किंवा इतरांसाठी म्हणून करीत नाहीत. ती ते स्वतःविषयी आणि सत्यतेने करतात. म्हणजे विद्वानांच्या वादाचा निवाडा, मच्छीमार आणि मोलकरणी रोज जी प्रार्थना करीत होत्या, तिच्या आधारे झाला.

परंतु याच ठिकाणी या इतिहासाची दुःखद बाजूही आहे. चौथ्या शतकाच्या आरंभापासून आफ्रिकेची मंडळी डोनॅटिस्ट पंथाच्या वादाने दुभंगली होती. ऑगस्टीन म्हणत असे की, डोनॅटिस्टांनी आम्हांला भाऊ मानले नाही तरी ते आमचे भाऊच. 'आमचा पिता' असे म्हणणे ते सोडतील तेव्हाच ते भाऊ राहणार नाहीत. इतका उदार विचार मांडणाऱ्या त्याच ऑगस्टीनने पुढे त्या भावांवर बादशाही कायद्याचा जोर चालविण्यास संमती दिली आणि तिचे समर्थनही केले. ४११ च्या कार्थेज परिषदेनंतर त्यांच्यावर दंड लादण्यात आले, त्यांची मंदिरे काढून घेण्यात आली. प्रार्थना शिकविणाऱ्यालाही ती पुरती साधली नव्हती. आपापल्या पंथांच्या कुंपणाआड ही एकच प्रार्थना म्हणणाऱ्या आपण त्याच्यावर दगड उचलण्याची घाई करू नये.

५. भिंतीवरचे कागद

इ. स. ४३० मध्ये व्हँडल सैन्याने हिप्पोला वेढा दिला. नगरात निर्वासितांची गर्दी होती आणि ऑगस्टीन तापाने आजारी पडला. त्याचा शिष्य व चरित्रकार पोसिदियस लिहितो की, दाविदाची पश्चात्तापाची स्तोत्रे त्याने लिहून घेऊन बिछान्यासमोरच्या भिंतीवर लावविली होती. पडल्या पडल्या तो ती वाची आणि रडे. शेवटचे सुमारे दहा दिवस वैद्य व जेवण आणणारे यांखेरीज कोणी आत येऊ नये, असे त्याने सांगून ठेवले होते. २८ ऑगस्ट रोजी तो मरण पावला.

पंचेचाळीस वर्षे बोलण्या-लिहिण्यात घालविलेल्या आणि शब्दांची ददात कधी न जाणवलेल्या या मनुष्याने अखेरच्या घटकेस दुसऱ्याचे शब्द मागून घेतले. हिप्पोच्या खेडुताला त्याने जसे शब्द सोपविले होते, तसेच ते त्याने स्वतः स्वीकारले.

हीच पद्धत पुढे अनेक भाषांत आणि अनेक देशांत गेली. आपल्या किनाऱ्यावर फादर थॉमस स्टीफन्स यांनी रचलेली कोकणी भाषेतील ख्रिस्ती शिकवण त्यांच्या मृत्यूनंतर १६२२ मध्ये गोव्यातील राशोल येथे छापली गेली. ती प्रश्नोत्तररूप आहे, कारण ती एकट्याने वाचून संपविण्यासाठी नव्हे, एकाने विचारावे आणि दुसऱ्याने सांगावे यासाठी होती. येथेही तेच देणे आणि परत देणे.

म्हणून जो बंधू किंवा भगिनी "मला प्रार्थना करता येत नाही" असे म्हणून मान खाली घालते, तिला आपण काय उत्तर द्यावे? तिला लाजविणे हे उत्तर नव्हे, आणि "मनात येईल ते बोला" एवढे सांगून मोकळे होणे हेही पुरेसे नव्हे. मनात काही येत नाही हेच तर तिचे दुःख आहे. तिच्याजवळ बसावे, प्रभूने दिलेले शब्द तिच्याबरोबर सावकाश म्हणावेत, आणि एकेका विनंतीपाशी थांबून तिला विचारावे की, आज तुझ्या घरात या शब्दाचा अर्थ काय? हे काम बाप्तिस्म्याच्या व दृढीकरणाच्या वर्गात दोन तासांत आटोपण्याजोगे नाही. ज्यांच्या मुखातून प्रार्थनेचा ओघ वाहतो त्यांनीही अधूनमधून थांबून, आपण क्षमेच्या विनंतीपाशी गप्प तर राहत नाही ना, हे पाहावे.

त्या अनामिक शिष्याला प्रार्थना येत होती, तरी त्याने ती शिकविण्याची विनंती केली. आपल्यातील ज्याला ती मुळीच येत नाही असे वाटते, तो त्या शिष्याच्या फार जवळ उभा आहे.